एकही गोटो नाही

"बघा खांबेटे साहेब, एकही गोटो नाही," असं म्हणून टिपणीसनं कागदाची ती घडीघडीची लांबलचक पट्टी कॅन्टीनच्या टेबलावर उलगडली. तिचं एक टोक सरळ माझ्या उसळीत गेलं.

"अहो, माझी उसळ," मी म्हटलं. कोणी लक्ष दिलं नाही.

खांबेटे साहेबांनी आमटीतला कढीपत्ता बोटानं काढून ताटाच्या कडेला लावला आणि विचारलं, "एकही नाही? मग तुझा प्रोग्राम संध्याकाळी घरी कसा जाणार रे? इथेच घिरट्या घालत बसणार?"

आजूबाजूची टेबलं हसली. टिपणीसही हसला, पण त्याचे कान लाल झाले. तो नुकताच शिकून आला होता, हेड ऑफिसनं त्याला मुद्दाम आमच्या डोक्यावर बसवायला पाठवला होता, आणि त्याला चेष्टा सोसायची सवय नव्हती.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. पनवेलच्या पुढे खाडीकाठी आमचा कारखाना होता. कापडाच्या रंगांना लागणारी रसायनं आम्ही बनवायचो. तिथल्या मोठ्या टाकीत ॲसिड सोडायचं काम एक कॉम्प्युटर करायचा. ॲसिड एकदम ओतायचं नसतं. एक घोट सोडायचा, थांबायचं, टाकी तापली का बघायचं, मग दुसरा घोट. असे पुष्कळ घोट झाले की एक फेरी संपायची. हे सगळं त्या कॉम्प्युटरला सांगणारा प्रोग्राम खांबेट्यांनी लिहिलेला होता, आणि मी, मंदा पेडणेकर, त्यांच्या हाताखाली होते.

गोटो काय असतो तेही सांगून टाकते, कारण सगळं महाभारत त्यावरच झालं. प्रोग्राम म्हणजे हुकमांच्या ओळी. कॉम्प्युटर त्या एकीमागून एक वाचत जातो आणि तसं करतो. मध्येच गोटो आला की तो आहे तिथून उठतो आणि सांगितलेल्या ओळीवर जाऊन बसतो. खांबेट्यांच्या प्रोग्रामात असे गोटो पोत्यानं भरलेले. मी नवीन होते तेव्हा त्यांनी मला तो वाचायला दिला, आणि ॲसिड कुठल्या ओळीवर सुरू होतं नि कुठल्या ओळीवर बंद होतं ह्याचा मला कित्येक दिवस पत्ता लागेना. विचारायला गेले की म्हणायचे, "पेडणेकर, पोहायला शिकायचं तर पाण्यात पडा." असा राग यायचा मला. माणूस हुशार, पण आपल्याशिवाय कुणाचं पान हलू नये ही खुमखुमी फार.

त्यामुळे हेड ऑफिसनं जेव्हा फतवा काढला की ह्यापुढे कुठल्याही प्रोग्रामात गोटो चालणार नाही, तेव्हा खरं सांगते, मला आनंद झाला. टिपणीस आला आणि दोघांचं जुंपलं. रोज जेवणाच्या सुट्टीत तेच.

"साहेब, प्रोग्राम पुस्तकासारखा वरून खाली वाचता आला पाहिजे," टिपणीस म्हणायचा. "वाचता आला तर चूक सापडते. तुमच्यात शिरलेला माणूस बाहेरच येत नाही."

"आणि घराला आग लागली तर?" खांबेटे म्हणायचे. "तू काय जिन्यानं एकेक मजला उतरत बसशील? दाराला कडी लावशील, पायपुसणं सरळ करशील? अरे, माणूस उडी मारतो उडी."

"उडी मारणारे मरतात, साहेब."

"आणि न मारणारे भाजतात."

असं चालायचं. लोक डबे घेऊन ऐकायला यायचे. टाकीवर काम करणारे हसनभाई मुकादम आणि बाळाराम ठाकूर पलीकडच्या बाकावर बसायचे. दोघे एकाच गावचे, घराला घर लागून, लहानपणापासून खाडीत एका होडीत जाणारे. हसनभाई टाकीखालच्या केबिनमध्ये बटणांच्या फळीसमोर आणि बाळाराम वर टाकीपाशी, अशी त्यांची जोडी ठरलेली. हसनभाईंनी मला एकदा विचारलंही होतं, "बाई, ह्या दोघांचं नेमकं काय वाटनीचं हाय?" मी म्हटलं, जमिनीचं नाही, अकलेचं आहे. ते म्हणाले, "मग मिटनार नाय."

आमच्याकडे एक पद्धत होती. टाकीवर चालणारा प्रोग्राम एकानं लिहिला की दुसऱ्यानं वाचून त्यावर 'तपासला' म्हणून सही करायची. सहीशिवाय तो चालवायचा नाही. टिपणीसचा प्रोग्राम तपासायला खांबेट्यांशिवाय दुसरं होतं कोण? माझी सही चालत नसे. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा अडवणार. ह्या ओळीत खोट काढेल, त्या ओळीत काढेल, दिवाळीपर्यंत लांबवील.

खांबेटे ती पट्टी गुंडाळून रविवारसाठी घरी घेऊन गेले आणि सोमवारी आल्या आल्या सही करून मोकळे झाले. एकही खोट काढली नाही. टिपणीस तर उभाच राहिला. मग पुढे होऊन म्हणाला, "साहेब, तुमच्याकडून मला हे अपेक्षित नव्हतं. थँक्यू."

"नवीन जमाना आहे, बाबा," खांबेटे म्हणाले आणि पानाची डबी उघडली.

मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल आदर वाटला. हार मानायला मोठं मन लागतं, असं मी घरी आईलाही सांगितलं.

मग टाकीत नुसतं पाणी भरून चाचणी झाली. चाचणी म्हणून फेरीही आखूड ठेवलेली, चार घोटांची. टिपणीस चौबळ साहेबांना, म्हणजे आमच्या वर्क्स मॅनेजरना, सगळं समजावत होता. शेवटी म्हणाला, "हसनभाई, आता लाल बटण दाबा." लाल बटण म्हणजे संकटाचं. ते दाबलं की ॲसिडची झडप बंद व्हायची. हसनभाईंनी दाबलं. टिपणीसचं बोलणं चालूच होतं, त्याचं वाक्य संपेस्तोवर झडप खट्कन बंद झाली. चौबळांनी मान डोलावली, सगळ्यांनी पेढे खाल्ले. खांबेटे तेवढे घड्याळाकडे बघत होते. मला वाटलं, त्यांना बसची घाई आहे.

त्यानंतर महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मी तो नवा प्रोग्राम वाचला आणि एका दुपारात मला तो कळला. इतकं बरं वाटलं. इतके दिवस आपण मठ्ठ आहोत असं वाटायचं, तर तसं नव्हतं.

आणि मग तो सकाळचा प्रकार झाला.

मी कॉम्प्युटरच्या खोलीत होते. बाहेरून ओरडण्याचा आवाज आला म्हणून धावले. हसनभाई फळीसमोर उभे होते, अंगठा लाल बटणावर रोवलेला, आणि काचेतून वर बघत नुसते म्हणत होते, "बंद होत नाय, बाई, बंद होत नाय." वर टाकीपाशी ॲसिडच्या नळीचा सांधा सुटला होता आणि प्रत्येक घोटाबरोबर फवारा उडत होता. बाळाराम बाजूला पळाला असता तर वाचला असता. पण झडप बंद होत नाही हे बघून तो हातानं झडपेचं चाक फिरवायला पुढे गेला. चाक अर्धं फिरलं असेल. नंतर झडप आपोआप बंद झाली, छापणारं मशीन खडखडलं, आणि बाळाराम टाकीपाशीच्या लोखंडी जाळीवर बसला होता. बसलेलाच होता. त्याच्या चेहऱ्याकडे मी एकदाच पाहिलं, पुन्हा बघवलं नाही.

तो इस्पितळात गेला. मागे बायको, हिराबाई, आणि दोन मुली.

कंपनीनं पहिलं काम काय केलं, तर छापलेला कागद ताब्यात घेतला. त्यावर दोन वेळा होत्या. सांधा सुटून नळीतला दाब पडला ती एक, आणि लाल बटणाची दुसरी. दोन्हींत अडीच मिनिटांचं अंतर. चौबळ साहेबांनी निष्कर्ष काढला, हसन मुकादम घाबरला, किंवा जागेवर नव्हता. त्यानं बटण उशिरा दाबलं. हसनभाईंना घरी बसवलं आणि चौकशी लावली.

ते गेटवर मला भेटले. दाढी वाढलेली. म्हणाले, "बाई, तुम्ही आला तेव्हा माझा अंगठा बटनावर व्हता ना?"

"होता."

"मग?"

"मी आले तेव्हा होता, हसनभाई. त्याआधी कधीपासून होता ते मी कसं सांगू?"

"फवारा उडला तेव्हाच दाबलं मी. नोकरीचं जाऊ दे, बाई. हिरा माझ्याशी बोलत नाय. कंपनीचा मानूस तिला घरी जाऊन सांगून आला, हसनमुलं बाळाराम जलला म्हनून. ती दारातून मला बोलली, तू खाली उभा राहून बघत व्हतास. अख्ख्या गावासमोर बोलली. मला काय नको. तिला कलूं दे, मी दाबलं व्हतं."

मी त्यांना काही वचन दिलं नाही. पण खोलीत येऊन प्रोग्राम पडद्यावर आणला आणि ओळीन् ओळ वाचायला बसले. वाचायला तो सोपाच होता, त्याबद्दल टिपणीसला दोष देता यायचा नाही.

खांबेट्यांच्या जुन्या प्रोग्रामात प्रत्येक घोटानंतर बटणाकडे बघितलं जायचं, आणि ते दाबलेलं असेल तर गोटो नऊ हजार. नऊ हजाराव्या ओळीवर सगळं बंद करायचे हुकूम होते. म्हणजे तिथल्या तिथे उडी. टिपणीसला उडी मारायची नव्हती. त्यानं काय केलं, तर बटण दाबलेलं दिसलं की एक खूण करून ठेवायची, आणि फेरी पुरी झाली की ती खूण बघायची. फेरी मध्येच तोडायची नाही. वरून खाली, नीट. चाचणीत फेरी चार घोटांची होती म्हणून ध्यानात आलं नाही. खऱ्या बॅचला फेरी लांब असते. हसनभाईंनी दाबलं तेव्हा खूण झाली, आणि कॉम्प्युटर उरलेले घोट सोडत राहिला. शिवाय कागदावर छापलेली बटणाची वेळसुद्धा खूण बघितल्याची होती, बटण दाबल्याची नव्हतीच. पोस्टमननं पत्र आणलं त्या वेळेला ते लिहिलं, असं म्हणण्यातला प्रकार.

मी आधी टिपणीसकडे गेले. तो खुर्चीत बसून होता आणि समोर काहीच नव्हतं.

"तुला माहीत आहे," मी म्हटलं.

"त्याच दिवशी कळलं," तो म्हणाला. "मंदाताई, मी मुद्दाम केलं का? मला फौजदारीत ओढतील. माझी आई विधवा आहे हो."

"हिराबाई पण आता विधवा होताहेत," मी म्हटलं. बाळाराम तेव्हा अजून जिवंत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे गेला.

टिपणीसकडून काही व्हायचं नाही हे दिसलंच. मला भरवसा होता तो खांबेट्यांचा. आता ह्या माणसाचं म्हणणं खरं ठरलं होतं. चौकशी समितीपुढे उभं राहून, 'मी सांगत नव्हतो?' एवढं म्हणायचं होतं त्यांना. त्यासाठी तर ते जन्मले होते. बाळारामचं क्रियाकर्म झाल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी गेले आणि खूण, फेरी, वेळ, सगळं सांगितलं. ते शांतपणे सुपारी कातरत होते.

"बरोबर," ते म्हणाले. "चोवीसशे दहाव्या ओळीवर."

मी ओळीचा नंबर सांगितलाच नव्हता.

"साहेब, तुम्ही कधी बघितलंत?"

"रविवारीच. घरी वाचताना."

मला आधी कळलंच नाही ते कुठल्या रविवारबद्दल बोलताहेत. कळलं तेव्हा मी खुर्ची ओढून बसले.

"आणि सोमवारी सही केलीत?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "हे बघा पेडणेकर, मी सांगितलं असतं तर त्यानं एक ओळ दुरुस्त केली असती आणि वर सगळीकडे मिरवला असता. मला वाटलं, चाचणीत चौबळांसमोर उघडा पडेल. पण हे सगळे पेढ्यांत. मग म्हटलं, महिन्या-दोन महिन्यांत कधीतरी लाल बटण दाबावं लागतंच. झडप उशिरा बंद होईल, बॅच बिघडेल, बोंबाबोंब होईल, तेव्हा बोलू. माणूस वर जाऊन चाक फिरवेल हे माझ्या डोक्यात कसं येणार?"

"तुम्ही वाट बघत होतात."

"चूक त्याची आहे. माझी नाही."

"सही तुमची आहे."

"म्हणूनच," ते म्हणाले, आणि पुन्हा अडकित्ता उचलला.

मी ज्यांना साहेब म्हणत होते, ज्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक आईला सांगत होते, ते हे. मला ओरडावंसं वाटलं. एवढंच म्हटलं, "मी समितीपुढे बोलणार आहे. पाण्यावर चाचणी घ्या म्हणणार आहे. फेरी पूर्ण लांबीची. मग कुणाच्या सहीची गरज नाही."

"बोला की," ते म्हणाले. "तुमचा अधिकार आहे."

समिती म्हणजे चौबळ आणि हेड ऑफिसहून आलेले दोन अधिकारी. हसनभाईंना कोपऱ्यात स्टुलावर बसवलं होतं, इस्त्री केलेला सदरा घालून आले होते बिचारे. मी उभी राहिले आणि धडाधड सांगून टाकलं. मी तशी तोंडाळच. चौबळांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि दोघांना विचारलं.

टिपणीस आधी उठला. "प्रोग्राम खांबेटे साहेबांसारख्या अनुभवी माणसानं तपासलाय, सर. वीस वर्षांचा अनुभव आहे त्यांचा. त्यांच्या नजरेतून अशी चूक सुटेल का?"

मग खांबेटे उठले. मला वाटलं, एवढं झालं तरी हा माणूस गोटोची बाजू सोडणार नाही, अभिमान तरी बोलेल. ते म्हणाले, "सर, हा प्रोग्राम पुस्तकासारखा आहे. वरून खाली वाचता येतो. चूक असती तर पहिल्या वाचनात सापडली असती. पेडणेकर अजून शिकताहेत."

टिपणीसचं वाक्य, शब्दाला शब्द. इतके महिने रोज एकमेकांवर तुटून पडणारी माणसं. मी म्हटलं, "सर, वाद नको. टाकीत पाणी भरा आणि बटण दाबून बघा."

"अवश्य," खांबेटे म्हणाले. "पेडणेकरांनीच दाबावं."

सगळे खाली आलो. हसनभाई माझ्या मागेच उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. फेरी सुरू झाली. लांब फेरी, मी खात्री करून घेतली होती. एक घोट गेला, दुसरा, तिसरा. मी लाल बटण दाबलं.

झडप खट्कन बंद झाली. बोट उचलायच्या आत.

मी पुन्हा फेरी सुरू करायला लावली, पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. चौबळ म्हणाले, "झालं समाधान?" हेड ऑफिसचा एक माणूस दुसऱ्याला हळूच म्हणाला, बायका भावनाप्रधान असतात. मी मागे वळले तर हसनभाई झडपेकडे बघत होते, माझ्याकडे नाही. मग त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं.

मी खोलीत धावले आणि प्रोग्राम पडद्यावर आणला. चोवीसशे दहावी ओळ. खूण करायची ओळ गेली होती. तिथे होतं, बटण दाबलेलं असेल तर गोटो नऊ हजार. अख्ख्या प्रोग्रामात तेवढा एकच. टिपणीसच्या नीटनेटक्या ओळींमध्ये, त्याच्याच पद्धतीनं दोन घरं आत सरकवून लिहिलेला.

दारात दोघे उभे होते. टिपणीसच्या हातात चहाचे दोन कप होते आणि त्यातला एक त्यानं खांबेट्यांना दिला.

"आधीचा कुठे आहे?" मी विचारलं.

"त्यावरच लिहिला," टिपणीस म्हणाला. त्याची नजर कपात होती. "आणीबाणीपुरता एखादा चालतो, मंदाताई. हेड ऑफिसचीसुद्धा हरकत नसते."

"नियमाला अपवाद असतोच," खांबेटे म्हणाले. "हे मी त्याला पहिल्या दिवसापासून सांगत होतो. त्यालाही पटलं आता."

टिपणीसच्या आधीच्या प्रोग्रामची छापील पट्टी खांबेट्यांच्या घरी होती, म्हणजे ती आता नव्हतीच. मी चौबळांकडे गेले आणि ती ओळ दाखवली. ते म्हणाले, "मशीन आता बरोबर चालतंय ना? मग कशाला उकरून काढता?" बटणाची तार थेट झडपेला जोडायची असं पूर्वी ठरलं होतं, आणि कॉम्प्युटर आहे तर तारेचा खर्च कशाला, असं ह्याच माणसानं म्हटलं होतं. त्यालाही काही उकरायचं नव्हतं. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे दोघांचा समेट झाला आणि तिसरा गाळात गेला.

मी राजीनामा टाकला. आई म्हणाली, तुझ्या राजीनाम्यानं कुणाचं काय अडलं? कुणाचंच अडलं नाही, ते खरंच. पण मला त्या खोलीत बसवेना.

त्याच आठवड्यात मी हसनभाईंच्या गावी गेले. घर सापडायला वेळ लागला नाही. ते ओट्यावर जाळं घेऊन बसले होते, पण विणत नव्हते. त्यांची बायको पाणी देऊन आत गेली.

"हसनभाई, तुम्ही बरोबर होतात," मी म्हटलं. "त्यांनी चाचणीच्या आधी प्रोग्राम बदलला. म्हणून लगेच बंद झालं."

ते जाळ्याची एक गाठ चाचपत म्हणाले, "बाई, मी सही दिली."

"कसली सही?"

"हात उशिरा गेला म्हनून. चौबळ साहेब बोलले, लिहून दे, पोलिसात देत नाय. पन त्याच्यासाठी नाय दिली." त्यांनी जाळं बाजूला सारलं. "मी बघितलं ना. तुम्ही दाबलं नि लगेच बंद झालं. दोनदा. मग माझ्या वेली का नाय झालं? रात रात विचार केला. मला वाटलं मी दाबलं. घाबरलेल्या मानसाला काय पन वाटतं. नसंल दाबलं."

"दाबलं होतं, हसनभाई."

"मी परवा हिराकडे गेलो. तिच्यासमोर बसलो. सांगितलं, माझा हात उशिरा गेला, तुझा नवरा मी घालवला. ती लई रडली. मग तिनं मला भाकर वाढली, बाई. बाळाराम गेल्यापासून पयल्यांदा."

मी त्यांना सगळं समजावलं. घोट, फेरी, खूण, ती एक ओळ. ते मान खाली घालून ऐकत होते, मध्ये मध्ये नेमकं विचारत होते. त्यांना सगळं कळत होतं, हे बघून मला उलट जास्त त्रास झाला.

"म्हंजे ती उडी आधी व्हती?"

"होती. बारा वर्षं होती."

"मग काढली कशाला?"

कॅन्टीनमधल्या एवढ्या वादांतलं मला एक वाक्य आठवेना जे त्या ओट्यावर बोलता आलं असतं. शेवटी म्हटलं, "प्रोग्राम वाचायला सोपा जावा म्हणून."

"कुनाला?"

उत्तराची वाट न बघता ते उठले, पायांत चपला घातल्या. म्हणाले, "चला. हे तुम्ही हिराला सांगा. माझ्या तोंडून ती आता काय ऐकनार नाय."

हिराबाईंचं घर लागूनच. त्या अंगणात सुकट पसरत होत्या. हसनभाई कुंपणापाशीच थांबले. मी पुढे गेले, कोण ते सांगितलं, आणि बोलायला लागले. जितकं सोपं करता येईल तितकं केलं. बटण वेळेवर दाबलं होतं. मशीनला सांगणारा कागद चुकलेला होता. ज्यांना ठाऊक होतं ते बोलले नाहीत. हसनभाईंचा दोष नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हातातली सुकट नीट पसरली, ओले हात पदराला पुसले.

"बाई," त्या म्हणाल्या, "पयला कंपनीचा मानूस आला, बोलला हसननं मारला. मी हसनला नाय नाय ते बोलली. मग हसन आला, बोलला व्हय, मीच मारला. मी गिलला तो घास. त्याला जेवू घातला. आज तुमी आल्या, बोलता त्यानं नाय मारला." त्या पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होत्या. "उंद्या कोन येनार हाय?"

मी म्हटलं, कोणी नाही, हे शेवटचं, हेच खरं.

"समदे तेच बोलले," त्या म्हणाल्या, आणि टोपली उचलून आत गेल्या. दार लावून घेतलं. मी मागे वळले तर हसनभाई कुंपणापाशी तसेच उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, आणि तरी त्यांनी मला विचारलं, "काय बोलली?"